त्रेचाळीस प्रश्नांचे नऊ कसे झाले

मुलाखती घेण्यावर ज्यांचं पोट चालतं, त्यांच्याकडे किस्से साठतात, त्याला इलाज नाही. दर मुलाखतीतून दोन गोष्टी हाती लागतात. एक रेकॉर्डिंगची फाइल आणि दुसरं असं काहीतरी, जे रिपोर्टच्या कुठल्याच प्रकरणात बसत नाही. फाइल कॉम्प्युटरवर जाते. दुसरं आमच्या गंगापूर रोडच्या ऑफिसात चहाबरोबर फिरत राहतं. आमचा बीपीचा अभ्यास संपला, रिपोर्ट गेला, पण चहा काही संपला नाही. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं. नावं बदलली आहेत, ती धंद्याची सवय.

आम्ही चौघं. वाघ मॅडम आमच्या प्रमुख. प्रकाश नाशिकरोडचा, आधी शाळेत शिकवायचा. सुनीता हरसूलची. आणि मी. लोक बीपीच्या गोळ्या सुरू करतात आणि मध्येच का सोडतात, हे आम्हाला शोधायचं होतं. अभ्यासाला मदत देणाऱ्या मंडळींना खरं तर खुणा करायचा फॉर्म हवा होता. हो, नाही, माहीत नाही. मॅडम म्हणाल्या, फॉर्मवर खूण मिळेल, कारण मिळणार नाही. माणसाशी बोलावं लागेल. शेवटी ठरलं असं, की आम्ही मुलाखतीचं गाईड बनवायचं, चार ठिकाणी वापरून बघायचं, आणि चाललं नाही तर निमूटपणे फॉर्म भरायला लागायचं.

गाईड म्हटलं की लोकांना दहावीचं आठवतं. आमचं गाईड म्हणजे मोजक्या प्रश्नांचा कागद. प्रश्न ठरलेले, पण क्रम आपला, आणि समोरचा बोलू लागला की त्याच्या मागे जायची मोकळीक. मोजके म्हणता म्हणता पहिल्या कागदावर त्रेचाळीस प्रश्न झाले. ते सगळे मी लिहिले होते.

* * *

पहिली मुलाखत पिंपळगाव बसवंतला, जिजाबाईंची. साठीच्या बाई, कायम हसतमुख. घरातली चांगली खुर्ची मला दिली आणि स्वतः समोर खाली बसल्या, तेव्हा मीही खाली बसले. आमच्या धंद्यात हे पहिलं शिकवतात.

पहिला प्रश्न माझ्या फार आवडीचा होता. मी विचारलं, "आपल्या आजाराविषयी आपली धारणा काय आहे?"

जिजाबाई विचारात पडल्या. ओट्यावर बसलेल्या नवऱ्याकडे बघितलं. त्यांनीही मान हलवली. मग माझी समजूत काढावी तशा म्हणाल्या, "दारणा तिकडं नाशिकरोडकडून जाती बाई. आमच्याकडं कादवा हाय."

दारणा आणि कादवा या दोन्ही नद्या ज्या जिल्ह्यात वाहतात, त्या नाशिक जिल्ह्यात राहून मी हा प्रश्न लिहिला होता, याची आजही लाज वाटते. मी कागद उलटा ठेवला आणि विचारलं, मावशी, हे बीपी तुमच्या मागे कशानं लागलं असं वाटतं तुम्हाला?

त्या पाऊण तास बोलल्या. सुनेचं बाळंतपण, दिराचा अपघात, मीठ, मिरची, सगळं आलं. परतीच्या एसटीत मी एकोणीस प्रश्नांवर काट मारली. मला इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

* * *

प्रकाशची अडचण उलटी होती. त्याला गप्प बसता येत नसे. वर्गात पोरगं अडलं की उत्तर आपणच सांगून टाकायचं, ही सवय. मुलाखतीतही तेच. समोरचा आठवायला लागला की प्रकाश त्याला तीन पर्याय द्यायचा. मॅडमनी त्याच्या दोन मुलाखती ऐकल्या. म्हणाल्या, बीपी कशामुळे होतं याबद्दल प्रकाशचं मत यातून छान कळतंय.

मग त्यांनी उपाय काढला. त्याच्या कागदावर अवघड प्रश्नांच्या पुढे कंसात लाल अक्षरात लिहिलं, 'थांबा'.

पुढच्याच आठवड्यात तो विंचूरला गेला. कांदा मार्केटातून निवृत्त झालेले एक आजोबा. प्रकाशने विचारलं, बाबा, गोळी पहिल्यांदा सोडली तो दिवस आठवतो का? आजोबांनी डोळे मिटले, घसा साफ केला आणि सुरुवात केली, "त्या दिवशी असं झालं..."

आणि घाबरलेल्या प्रकाशने कागदात बघून मोठ्यांदा वाचलं, "थांबा."

आजोबा थांबले. अगदी शिस्तीत, मांडीवर हात ठेवून. प्रकाशला काय झालं ते कळेना. तो वाट बघत बसला, आजोबाही वाट बघत बसले. रेकॉर्डिंगमध्ये दोन मिनिटं नुसता पंखा ऐकू येतो. शेवटी आजोबांनी हळूच विचारलं, "आता बोलू का, सर?"

मग मात्र ते असं बोलले की त्या अभ्यासातली ती सगळ्यात लांब मुलाखत झाली. दोन मिनिटांत त्यांना सगळं नीट आठवलं होतं. प्रकाश अजून म्हणतो की ते त्याने मुद्दामच केलं.

* * *

हरसूलला मात्र आम्ही ठरवून गेलो आणि ठरवल्यापेक्षा जास्त घेऊन आलो.

तिथे आम्हाला पाड्यावरच्या एका काकांनी भंडावून सोडलं होतं. नाव ठेवू या सोमाकाका. आरोग्य केंद्रातून गोळ्या घेऊन जायचे, महिनाभर घ्यायचे, मग एकदम बंद. नर्सताईंनी समजावून झालं, डॉक्टरांनी रागावून झालं. काका सगळ्यांना एकच सांगायचे, आता गरज नाही. मी गाईडमधून आठ प्रश्न विचारले. आठही वेळा तेच उत्तर.

सुनीता बाजूला बसली होती. तिने गाईडमध्ये नसलेला प्रश्न विचारला. काका, गोळी कशावरची आहे?

"टेन्शनवरची," काका म्हणाले. "डॉक्टरच बोलले, तुला टेन्शन हाय."

मग, आता?

"आता कुठं टेन्शन? पोरीचं लग्न झालं."

सुनीताने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने शांतपणे पुढे विचारलं, की याआधी कधी सोडली होती. काकांनी बोटं मोजली. एकदा हरवलेली म्हैस सापडली तेव्हा. एकदा मुलगा दहावी पास झाला तेव्हा. दर वेळी टेन्शन गेलं, गोळी बंद. त्यांच्या बाजूने बघितलं तर या माणसाइतकं नियमाने औषध घेणारं तालुक्यात कोणी नव्हतं.

आम्ही त्याच दुपारी आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टर तरुण होते. ऐकून आधी हसले, मग कपाळाला हात लावला. म्हणाले, बीपीसाठी हा शब्द मी दिवसातून चाळीस वेळा वापरतो. दुसऱ्या आठवड्यापासून त्यांनी टेन्शन हा शब्द सोडला आणि रक्त नळीतून किती जोरात धावतं ते हातपंपाची खूण करून सांगायला सुरुवात केली. सोमाकाका आता रोज गोळी घेतात. मागच्या खेपेला भेटले तेव्हा सुनीताला म्हणाले, टेन्शन काहीच नाही, पण पंपाचा जोर हाय ना.

'गोळी कशावरची आहे?' हा प्रश्न गाईडमध्ये पहिल्या नंबरवर गेला. त्याच्यापुढे आम्ही गंमत म्हणून सुनीताचं नाव लिहिलं होतं. मॅडमनी ते शेवटपर्यंत खोडलं नाही.

* * *

मखमलाबादकडे फुलांचे मळे करणारी घरं आहेत. तिथल्या मंदाताईंची मुलाखत आम्ही तीनदा घ्यायला गेलो आणि तिन्ही वेळा ती त्यांच्या नवऱ्याने दिली. वाईट माणूस मुळीच नव्हे. उलट बायकोची इतकी काळजी, की तिला उत्तर द्यायचा त्रास नको म्हणून आपणच द्यायचे. मंदाताई चहा करायच्या आणि आमच्याकडे बघून हसायच्या.

चौथ्या वेळी आम्ही तयारीने गेलो. मी प्रकाशसाठी वेगळं गाईड लिहिलं होतं. नवऱ्याचं गाईड. बारा प्रश्न, सगळे झेंडूवर. रोप कुठून आणता, पाणी कसं देता, तोडणीला कोण असतं. प्रकाशने विचारलं, दादा, मळा दाखवाल का? दादा खूश होऊन त्याला बांधावर घेऊन गेले. इकडे मंदाताईंनी दार लोटलं, माझ्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, विचारा आता.

मुलाखत सुंदर झाली. मी विजयी चेहऱ्याने बाहेर आले. प्रकाश बांधावरून परत येत होता आणि तो माझ्यापेक्षा जास्त विजयी दिसत होता.

झालं असं, की आठव्या प्रश्नाला, तोडणीच्या दिवशी दमायला होत नाही का, असं त्याने सहज विचारलं. त्यावर दादा खाली बसले. म्हणाले, चक्कर येते. बरेच महिने. घरात सांगितलं नाही, तिचंच एवढं चाललंय. मला असं कोणी विचारलंच नव्हतं.

प्रकाशने त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. दोघांची तपासणी आता एकाच दिवशी असते. मंदाताई सांगतात, डॉक्टरांसमोर ह्यांची उत्तरं मीच देते.

* * *

मग आली मोठी परीक्षा. गाईड मंजूर करायला बाहेरून एक ज्येष्ठ तज्ज्ञ आले. गाईडमध्ये आता नऊ प्रश्न उरले होते. सरांनी चष्मा वर करून ते वाचले आणि विचारलं, "हे संशोधन आहे की गप्पा?"

भाषा बाळबोध आहे, असं त्यांचं म्हणणं. 'काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं ते सांगा' हा काय प्रश्न झाला? यापेक्षा फॉर्म बरा. आमचं अर्ध्या वर्षाचं काम त्या टेबलावर होतं.

जेवताना सरांनी लोणचं नको म्हटलं. बीपी आहे, म्हणाले. वाघ मॅडमनी पानातून मान वर केली.

जेवणानंतर त्यांनी सरांना विनंती केली. दहा मिनिटं द्या, प्रकाश तुमची मुलाखत घेईल, मग तुम्ही सांगाल तसं. प्रकाशचा चेहरा पांढरा पडला, पण तो बसला. त्याने तोच प्रश्न विचारला. सर मजेत सांगू लागले. पाचला उठलो, फिरून आलो, नाश्ता, गोळी घेतली नाही, कारण प्रवास होता, प्रवासात मी घेत नाही, मग गाडी आली...

प्रकाश काही बोलला नाही. सर दोन वाक्यं पुढे गेले आणि आपोआप मंदावले. तेव्हा त्याने अदबीने विचारलं, "सर, महिन्यात प्रवास किती दिवस असतो?"

"वीस," सर म्हणाले.

सरांनी पेन काढलं, शेवटच्या पानावर सही केली. मग बॅग जवळ ओढली, आतलं गोळ्यांचं पाकीट शोधलं आणि म्हणाले, जरा पाणी मिळेल का?

* * *

आता शेवटचा किस्सा. पिंपळगावच्या बाजूच्या एका पॅकहाउसमधला, म्हणजे द्राक्षं पेट्यांत भरतात तिथला. तिथे आज बायकांसाठी चार नवीन संडास आहेत आणि तिकडे जायला कोणाला विचारावं लागत नाही. ते कसं झालं, ते मी डोळ्यांनी बघितलं.

तिथल्या बऱ्याच बायका हंगामाच्या तीन महिन्यांत गोळी सोडायच्या. का, ते कमलबाईंनी मुलाखतीत सांगितलं. त्यांच्या गोळीने लघवीला जास्त लागतं. संडास एकच, तोही आवाराच्या टोकाला. जायचं तर मुकादमाला सांगून जायचं, आणि तो सगळ्यांदेखत विचारायचा, परत? त्यापेक्षा गोळी नको. कमलबाईंची कामावर असताना एकदा शुद्ध हरपली होती, तरी त्यांनी उन्हाचं कारण सांगितलं होतं.

अभ्यास संपल्यावर आम्ही निष्कर्ष सांगायला तिथे गेलो. कोणाचं नाव घ्यायचं नाही हा आमचा नियम, त्यामुळे मॅडम जपून बोलल्या. पॅकिंगची टेबलं बाजूला सारली होती, साठेक बायका खाली बसल्या होत्या. मालक तसे सभ्य गृहस्थ. सगळं ऐकून त्यांना खरोखर वाईट वाटलं. म्हणाले, दुसरीकडे असेल, आमच्याकडे नाही. मी स्वतः रोज चक्कर मारतो. सगळ्यांना विचारतो, सगळं ठीक आहे ना? आजवर एकीनेही नाही म्हटलं नाही.

मॅडमनी पुढचा कागद उचलला. तेवढ्यात मागच्या रांगेतून कमलबाई उठल्या. आम्ही कोणीच त्यांना बोलायला सांगितलं नव्हतं. पदर नीट केला आणि म्हणाल्या, "शेठ, राग नका धरू, पण हा प्रश्नच चुकतोय. ठीक हाय ना विचारलं की माणूस हो म्हणतं."

मालक गोंधळले. मग कसं विचारू, म्हणाले.

"कामावर असताना पाणी कधी पिता, असं विचारा."

मालकांनी एकदा मॅडमकडे बघितलं, एकदा मुकादमाकडे. मग हसून, तिचं मन राखावं तसं, विचारलं, "बरं. कमलबाई, कामावर असताना पाणी कधी पिता?"

कमलबाई म्हणाल्या, "घरी गेल्यावर."