तागाचा वाफा

आमच्या माणगावच्या कॉलेजातल्या माळीकाकांचं नाव मला तीन वर्षांत कळलं नाही. आम्ही कुणी विचारलंच नाही. नव्या इमारतीच्या बांधकामाचे ट्रक फिरून तिथली बाग इतकी घट्ट झाली होती, की कुदळ मारली तर ठण्ण वाजायची. काकांनी पावसाच्या सुरुवातीला तिथे ताग पेरला. रोज सकाळी ते उकिडवे बसून बुंध्याशी बोट खुपसून बघायचे. आधी नखच जायचं, मग एक पेर, श्रावणात दोन पेरं. तेव्हा ते गालात हसायचे.

काका दोन दिवस रजेवर गेले आणि तपासणीची समिती येणार म्हणून आमच्या वर्गाच्या सरांनी आम्हाला स्वच्छतेला लावलं. "हे जंगल मुळासकट काढा," म्हणाले. आम्ही काढलं, वर फोटोही काढले.

परत आल्यावर काकांनी ढिगातलं एक लांब मूळ उचललं. "कापलं आसतं तरी चाललं आसतं, सर. मुळं आत कुजली की माती भुसभुशीत व्हते. ती उपटायची न्हायत."

"अहो काका, गवतासाठी एवढं काय?" सर हसले. मुलंही हसली.

काका माझ्याकडे वळले. "तुज्या घरी भात लावतात ना गं, बाय?"

मी कसंबसं हो म्हटलं.

त्या हसण्याचा संताप मला अजून येतो. पण सरांना ताग माहीत नव्हता. आमच्या शेतात तो दरवर्षी भातलावणीआधी खत म्हणून गाडतात. तरी मी तोंड उघडलं नाही, आणि पहिल्या वाफ्यातला ताग मीच उपटला.