शेरूला चिकटून झोपलेलं कुत्रं

मी कपडा विकणारा माणूस. जुन्या जालन्यात दुकान आहे. मीटरपट्टीनं मोजता येतं तेवढंच खरं, असं माझं आजवरचं मत. कुणी भुताखेताचं काढलं की मी सरळ उठून जायचो... त्यामुळं हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

आमच्याकडं जर्मन शेफर्ड मादी होती. लाइन प्युअर, म्हणजे जात शुद्ध राहावी म्हणून मी तिचं मेटिंग तिच्याच सावत्र भावाशी केलं आणि वर चार लोकांत मिरवलो. तीन पिल्लं झाली. सुलतान घरी ठेवला, एक गल्लीतच दिलं आणि एक परतूरजवळच्या आष्टीच्या, दुकानात नेहमी येणाऱ्या कौसामावशींना. त्यांचं घर मेंढपाळाचं, आता शेती आणि थोडी मेंढरं. त्यांनी पिल्लाचं नाव शेरू ठेवलं.

सुलतान अकरा महिन्यांचा होता. एका दुपारी दुकानात गठ्ठ्याला टेकून झोपला, तो उठलाच नाही. आजारी नव्हता, काही नव्हतं... डॉक्टर म्हणाले, "बहुतेक हृदयाचे ठोके चुकत असणार. हे रक्तातून येतं, अशी पिल्लं झोपेतच जातात. भावंडांना आजच तपासायला सांगा."

मी हो म्हणालो आणि सांगितलं नाही. लोक म्हणतील, शेठनं बिघडलेलं पिल्लू गळ्यात मारलं. आज करू फोन, उद्या करू... सोळा दिवस गेले. शेरू तिकडं रोज झोपत होता, हे मला माहीत होतं.

सतराव्या दिवशी दुपारी मावशींचाच फोन.

"शेठ, तुमचं कुत्रं हिकडं आलंय. न्यायला येता का?"

"आमचं?"

"बराबर शेरूसारखंच हाये. एक कान तेवढा पडलेला. गळ्यात निळी किनार. पाणी ठेवलं, पेलं न्हाई. शेरूला चिकटून झोपून राह्यलंय."

मावशींनी सुलतानला पाहिलं होतं ते दीड महिन्याचं पिल्लू असताना. त्याचा एक कान पुढं कधी उभाच राहिला नाही, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. आणि पट्टा म्हणून बांधलेली कापडाच्या ताग्याची ती निळी किनार मी त्याच्या गळ्यात तशीच ठेवून, माझ्या हातानं त्याला पुरलं होतं.

गाडी कशी चालवली, आठवत नाही. परतूरच्या पुढं दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, पांढराच पांढरा... मी पुढं जातोय की रान मागं सरकतंय, कळत नव्हतं. ती वाट संपू नये असंही वाटत होतं.

"आत्ता तर होतं," मावशी म्हणाल्या. "उठलं न् कापसात गेलं."

शेरू लिंबाखाली झोपला होता. एक पाय शेजारच्या मोकळ्या जागेवर पसरलेला, कुणाच्या अंगावर टाकावा तसा. मी तिथं हात ठेवला. गर्द सावलीत ती जागा उबदार होती. मग शेरूच्या छातीला कान लावला. ठक, ठक, ठक... आणि काहीच नाही. मी श्वास धरून बसलो... मग पुन्हा ठक. मला रडूच फुटलं.

रडत रडत सुलतानचं मरण, डॉक्टरांचं बोलणं, ते मेटिंग, सांगून टाकलं. मावशी ओरडल्या नाहीत.

"एकाच रक्तातलं लावलं?" एवढंच म्हणाल्या. "आमी दोन सालाला मेंढा बदलतो, शेठ."

शेरूला संभाजीनगरला नेलं. दिवसभर छातीला मशीन बांधलं, त्यात चुकलेले ठोके दिसले. गोळ्या सुरू झाल्या. गल्लीतलं पिल्लू ठणठणीत निघालं. वयाच्या दोन वर्षांनंतर धोका कमी होतो म्हणतात. शेरू आता अडीच वर्षांचा आहे, मेंढरांमागं पळतो.

सुलतानला पुरलं ती जागाही पाहून आलो. माती जशीच्या तशी. आष्टी इथून गाडीनं दीड-दोन तासांवर... नाही, मला काही सांगता येत नाही.

त्या दिवशी निघताना मावशी गाडीजवळ आल्या. "मुकं जनावर मरून बी सांगायला आलं. तुमच्याकडं तर फोन होता न, शेठ."

याचं उत्तर मला माहीत आहे: लोकांत नाव जाईल ही भीती. तेवढं एक मात्र मावशींना अजून सांगितलेलं नाही.