सव्वीस अंकांचं बाइंडिंग

इंग्रज गेले तेव्हा कामठीच्या छावणीतल्या एका कुटुंबाने आमच्या शाळेला दोन ट्रंका देऊन टाकल्या. त्यांत विलायतेतली मुलांची चित्रसाप्ताहिकं होती. माझे वडील, म्हणजे अण्णा, त्या शाळेचं ग्रंथालय सांभाळत. त्यांनी रिवाजाप्रमाणे प्रत्येक अंकाचं मुखपृष्ठ आणि जाहिरातींची पानं काढून टाकली, पंचवीसेक अंकांचा एकेक गठ्ठा शिवला, वर खाकी कागद चढवला आणि पाठीवर आकडा टाकला. मी इंग्रजी वाचायला शिकले ती या खाकी गठ्ठ्यांवर. कालव्यातल्या बोटीवर राहणारं एक बदकांचं कुटुंब त्यात होतं. ते दर आठवड्याला कुठल्या तरी पुलाखाली अडकायचं आणि पुढच्या आठवड्यात कसंबसं सुटायचं. या साप्ताहिकांना रंगीत मुखपृष्ठ असतं, हे मला पस्तिशी उलटल्यावर कळलं.

तोवर मी अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावी स्थिरावले होते. नवरा गाड्यांच्या ब्रेकचं डिझाइन करायचा, मी दुसऱ्या एका कंपनीत सुट्या भागांची ड्रॉइंग करायचे. ऑफिसात मी या साप्ताहिकांबद्दल एकदा बोलून पाहिलं. कॉमिक म्हटल्यावर तिथल्या लोकांच्या डोळ्यांपुढे उडणारे आणि भिंती फोडणारे पुरुष यायचे. बोटीवरची बदकं ऐकून त्यांना माझी कीव आली. मग इंग्लंडातल्या एका जुन्या कागदांच्या विक्रेत्याशी पत्रव्यवहार करून मी पोस्टाने एकेक अंक मागवू लागले. माझ्याजवळ तीस-पस्तीस झाले, पण बदकांचे त्यात चारच. नवरा म्हणायचा, "यार, लोक इथे येऊन घरं घेतात, तू रद्दी घेतेस." मी त्याला उत्तर द्यायचे नाही, कारण मी उत्तर दिलं की भांडण होतं.

नदीपलीकडे, कॅनडातल्या विंडसरला, माझी एक मैत्रीण राहायची. एका शनिवारी तिच्या गल्लीत कुणाचा तरी गराज सेल होता. कपबशा, पडदे, इस्त्री आणि टेबलाखाली एक खोकं, त्यावर 'विकायचं नाही' असं लिहिलेलं. आता विकायचं नाही तर मांडलंय कशाला, म्हणून मी वाकून पाहिलं, तर वरच बदकांची बोट. निळं पाणी, तांबडी बोट, पिवळी बदकं. मी तशीच खाली बसले.

सेल मांडणारे गृहस्थ सत्तरीकडे झुकलेले होते, इंग्लंडातून येऊन मोटारींच्या कारखान्यात साचे-हत्यारं घडवणारे टूलमेकर म्हणून निवृत्त झालेले, एकटे. एक भारतीय बाई त्यांच्या गल्लीत येऊन धाकट्या बदकाला कोणत्या पुलाखाली सर्दी झाली ते सांगते, हे त्यांना आधी पटेचना. मग त्यांनी चहा केला. पुढे वर्षभर महिन्यातून एकदा तरी मी जात असे. आम्ही अंक उघडून बसायचो आणि फारसं बोलायचो नाही. मला त्या घरात फार बरं वाटायचं. तिथे मी कुणाची बायको किंवा कुणाची आई नव्हते, आठ वर्षांची एक वाचक होते.

नोव्हेंबरात त्यांनी आपण होऊन बदकांचं अर्धं वर्ष, सलग सव्वीस अंक, मला घरी न्यायला दिलं. आजवर ते अंक त्यांच्या घराबाहेर गेले नव्हते. त्यांची एकच अट होती, "जसे नेतेस तसे परत आण." मी शब्द दिला.

त्याच महिन्यात अण्णा आमच्याकडे सहा महिन्यांसाठी आले होते. वय चौऱ्याहत्तर. बाहेर बर्फ, गाडी चालवता येत नाही, टीव्हीवरचे लोक काय बोलतात ते कळत नाही. पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातले सगळे गळके नळ दुरुस्त केले. दुसऱ्या आठवड्यात माझ्या मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

तिसऱ्या आठवड्यातल्या शुक्रवारी मी ऑफिसातून आले तर नऊ वर्षांची लेक दारातच उभी. "मॉम, आजोबांनी तुझी कॉमिक्स फिक्स केली. आय हेल्प्ड."

डायनिंग टेबलावर एक जाड खंड होता. किराण्याच्या खाकी पिशव्या उलट्या करून घातलेलं कव्हर. मैद्याची खळ. शिवायला मेणाचा दोरा मिळाला नाही म्हणून डेंटल फ्लॉस, आणि दाभणाऐवजी नवऱ्याच्या पेटीतला खिळा. पाठीवर अण्णांच्या सुवाच्य अक्षरात आकडा. मुखपृष्ठं मात्र या वेळी त्यांनी ठेवली होती. "रंगीत आहेत, तुला आवडतील," ते म्हणाले. "आणि प्रत्येकाच्या वरच्या कोपऱ्यात कुणीतरी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. दोन दिवस लागले खोडायला. कुठे कागद चुरगळू दिला नाही."

ते त्यांचं आयुष्यभराचं काम होतं. दर मे महिन्यात ते शाळेची पुस्तकं घरी आणायचे आणि पोरांनी केलेल्या खुणा खोडत बसायचे. आमच्या घरात खोडरबराचा चुरा असायचाच.

मी रागीट आहे, हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. तरी मी आवाज चढवला नाही. "अण्णा, विचारायचं तरी. हे माझे नाहीत. कॅनडातल्या एका आजोबांचे आहेत, मी वाचायला आणलेत."

त्यांचा चेहरा उजळला. "मग तर बरंच झालं. उसनं भांडं कधी रिकामं परत करू नये. आपण साखर घालून देतो, तसं हे."

फ्लॉस उसवला असता तरी भोकं बुजणार नव्हती. कोपऱ्यातली पेन्सिल मीही पाहिली होती, पण तो एखादा दुकानदारी शेरा असेल म्हणून कधी नीट वाचली नव्हती. माझा जीव चालला होता तो शिवणीपायी. ते गृहस्थ आता मला दारात उभं करणार नाहीत, याची मला खात्री होती, आणि तेवढं एक घर माझ्यापासून जाणार म्हणून मला रडू येत होतं.

अण्णा स्वतः द्यायला यायचं म्हणत होते. त्यांना कॅनडाचा व्हिसा नव्हता म्हणून मी वाचले.

दुसऱ्या दिवशी मी एकटी गेले. चहा व्हायच्या आतच सगळं सांगून टाकलं, अण्णांचं ग्रंथालय, खळ, फ्लॉस. ते ऐकत होते. शिवण बघून त्यांना हसूच आलं. कारागीर माणूस, त्यांनी खंड हातात घेऊन पाठ तपासली आणि म्हणाले, "काम नीट आहे." मला जरा धीर आला. मग त्यांनी पहिलं मुखपृष्ठ उघडून वरच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. दुसरं उघडलं. तिसरं. सव्वीसही उघडून पाहिली आणि खंड मिटला.

त्यांच्या आईचं वर्तमानपत्रांचं दुकान होतं. दर आठवड्याला गठ्ठा आला की वाटपासाठी ती प्रत्येक अंकावर पेन्सिलीने गिऱ्हाइकाच्या घराचा नंबर टाकायची. एका अंकावर नंबर नसायचा. त्यावर ती 'घरचा' अशा अर्थाचा एक शब्द लिहायची, म्हणजे तो अंक चुकून वाटपात जाऊ नये. तो यांचा. हे अंक ज्या वर्षाचे, त्याच वर्षाच्या अखेरीस ती गेली. खोक्यातले बाकीचे अंक त्यांनी पुढे विकत घेतलेले; तिच्या हातचं या सव्विसांखेरीज दुसरं काही त्यांच्याजवळ नव्हतं.

हे त्यांनी मला ड्रॉइंगची मापं सांगावीत तसं सांगितलं. मी माफी मागितली, पुन्हा मागितली, तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"तुझ्या वडिलांचं वय काय?"

"चौऱ्याहत्तर."

"मग त्यांना हे सांगू नकोस."

मी निघाले तेव्हा, पुढच्या महिन्यात ये, असं ते म्हणाले. पुलावरून परतताना मी गाडीत मोठ्याने रडले.

घरी अण्णा खिडकीत बसले होते. कोट काढायच्या आत विचारलं, "काय म्हणाले?"

"काम नीट आहे म्हणाले. टूलमेकर होते ते, त्यांना कळतं."

अण्णा खूश झाले. लेकीला हाक मारून त्यांनी ते तिलाही सांगितलं. मी स्वयंपाकाला लागले तर मागोमाग आले आणि ओट्याशी उभे राहिले.

"एक सांगू? ते पेन्सिलीचं अक्षर पोरासोराचं नव्हतं. सगळीकडे एकच हात होता, आणि शेवटच्या अंकांत तो कापायला लागला होता. मी इतकी वर्षं खुणा खोडल्या, पण हे खोडताना जिवावर आलं. वाटलं, राहू द्यावं. राहू द्यायला हवं होतं का गं?"

"नाही अण्णा," मी म्हणाले. "खोडलंत ते चांगलं केलंत."