मयूरीच्या पगारातला देवाचा वाटा

कुंभारवाड्याच्या मराठी शाळेत मी एकतीस वर्षं मास्तरकी केली. निवृत्त झाल्यावर खानापूरकडं परत जायचं सोडून इथंच राहिलो, आणि त्याची शिक्षा म्हणून अख्ख्या वाडीत फक्त टेकाडावरच्या माझ्याच पडवीत मोबाइलला रेंज येते. त्यामुळं प्रत्येक घरचं फोनवरचं बोलणं माझ्या कानावर पडतं, आणि न मागता सल्ला द्यायची माझी खोड काही जात नाही. असल्याच एका सल्ल्यामुळं मयूरी जर्मनीत अडचणीत आली.

मयूरी म्हणजे धाकलू वेळीपाची मुलगी. माझ्या शाळेत शिकली, बेळगावला नर्सिंग केलं, जर्मन भाषा घोकली आणि सव्विसाव्या वर्षी तिथल्या एका लहानशा गावातल्या वृद्धाश्रमात कामाला लागली. पहिल्या पगाराची चिठ्ठी तिनं मला फोनवर पाठवली. अठ्ठावीसशे युरोंतले हातात आले अठराशे नव्वद. माझं डोकंच फिरलं. "अगं, हा पगार आहे की लूट?" असं मी ओरडलो.

तिनं शांतपणे एकेक ओळ समजावली. हा आयकर, ही म्हातारपणीची पेन्शन, हा दवाखान्याचा विमा, ही काम सुटलं तर मिळायची मदत, हा शुश्रूषेचा विमा. आयकर सोडला तर बाकीच्यांत मालकही जवळपास तेवढीच भर घालतो म्हणाली. सगळ्यात शेवटी तेवीस युरो होते, चर्चचे.

"चर्चचे? तुझा आणि चर्चचा काय संबंध?"

"राहायचा पत्ता नोंदवाय गेल्ते न्हवं, तितं फारमात इचारल्यालं, तुमी कुठल्या धर्मसंस्थेचे म्हणून. मला वाटलं, ह्या गावच्या देवाचं इचारत्यात. गावात एकच मोठं चर्च हाय, त्याचं लिवलं. हितं जो सभासद, त्येच्या पगारातनं चर्चचा कर कापत्यात. आन् मास्तर, तुमीच शिकिवल्यालं, फारमात रकाना रिकामा सोडायचा न्हाई."

आता यात हसण्यासारखं काही नाही. आमच्याकडं मळणी झाली की प्रत्येक चुलीमागं पायलीभर तांदूळ गावच्या देवाला जातात. जात कुठली, कूळ कुठलं, मूळ गाव कुठलं, कोणी विचारत नाही. मी नवा होतो तेव्हा धाकलू टोपली घेऊन दारात आला. मी म्हटलं, माझा देव खानापूरला आहे. तो म्हणाला, "असंल, पर चूल हितंच पेटती न्हवं?" मी कुरकुरत तांदूळ दिले. तिसऱ्या वर्षी बांधावरून घसरून माझा पाय मोडला. चौघांनी घोंगडीची झोळी बांबूला बांधली आणि मला जंगलातून मोटाररस्त्यापर्यंत नेलं. चौघांत पुढं धाकलू होता. त्यानंतर मी कधी कुरकुर केली नाही.

तर मयूरी दीड वर्षं दर महिन्याला तेवीस युरो बिनतक्रार देत राहिली. मग चर्चच्या कचेरीचं पत्र आलं. आमच्या नोंदी अपुऱ्या आहेत, आपला बाप्तिस्मा कधी व कुठं झाला ते कळवावं. बाप्तिस्मा तर झालेलाच नव्हता. पोरगी घाबरून गेली. सरकारी फॉर्मात खोटं लिहिलं असं ठरलं तर? दोन महिन्यांनी तिचा तिथं राहायचा परवाना नवा करायचा होता. ती फोनवर रडली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रकाना भरायची शिकवण माझीच ना!

तिच्याबरोबरच्या जुन्या नर्सनं मार्ग सांगितला. कचेरीत जा, चूक झाली म्हण, मी सभासद नव्हते असं लिहून सही कर. कापलेले पैसेही परत मिळतील. सोपं होतं. पण रविवारी माझ्या पडवीत बसून धाकलूनं फोनवर तिचं सगळं ऐकलं आणि म्हणाला, "सही करू नगो."

"अवो बा, पण..."

"नाव काडलंस की गावाभाईर झालीस. उद्या पडलीस तर तुला उचलायला कोण येतंय?"

मी मध्ये तोंड घातलंच. "अरे, तिथं अँब्युलन्स येते पाच मिनिटांत."

"अँब्युलन्सवाला तिचा कोण, मास्तर?"

एकटी पोरगी, परका मुलूख. धाकलूला पैशाचं आणि परवान्याचं काही पडलेलं नव्हतं. भीती होती ती एवढीच, आणि ती खरी होती.

मयूरी म्हणाली, "बा, पगाराच्या चिठ्ठीत ती दुसरी वळ हाय न्हवं, शुश्रूषेच्या विम्याची, ती त्याच्यासाटीच हाय. हितं सगळे पगारातनं वाटा देत्यात. हातपाय थकले की त्येंना उटवाय-बसवाय, आंगुळ घालाय माणूस मिळतंय."

"कोण माणूस?"

"मीच की. रोज आट-नऊ जणांस्नी उचलते."

धाकलूनं चंचीतून सुपारी काढली आणि न खाताच परत ठेवली. "मग कर सही," म्हणाला.

ती गेली. कचेरीतल्या बाईंनी सगळी हकीकत ऐकली, तांदळाचं दोनदा विचारलं, कॉफी पाजली आणि नोंद दुरुस्त केली. परवाना नवा झाला. तीन-चार महिन्यांनी कापलेले चारशेवर युरो परत आले आणि त्या रविवारी मयूरीचा आवाज नुसता नाचत होता.

"बा, ह्या पैशाचं काय धाडू? आयेला मिक्सर घेऊ? तुमास्नी चांगला फोन घेऊ?"

केशर, तिची आई, पायरीवर बसली होती. गुडघ्यांमुळं माझ्या टेकाडापर्यंत यायला तिला आता अर्धा तास लागतो. धाकलूनं तिच्याकडं पाहिलं, मग खालच्या वाडीकडं.

"कायबी नगो," तो म्हणाला. "झोळी उचलाय चार माणसं धाड."

मी उगाच मनात मोजायला लागलो. वाडीतली पोरं गोव्याला, हुबळीला, बेळगावला. झोळी खांद्यावर घेऊ शकतील असे तीन जण भरले, आणि त्यातला एक मी होतो.