आयसीयूतली हाक

वडिलांना अर्धांगाचा मोठा झटका आला आणि कुडपणहून महाडला आणेपर्यंत त्यांची शुद्ध हरपली. दुसऱ्या दिवसापासून आयसीयूत आमच्या नातेवाइकांनी एक नवीनच खूळ काढलं. पलंगाशेजारच्या मॉनिटरवर नाडीचा हिरवा आकडा दिसायचा. आत्या आत गेली, 'दादा' म्हणून कानाशी ओरडली आणि आकडा चढला. दादाने मला ओळखलं, असं तिने बाहेर येऊन जाहीर केलं. मग थोरले काका गेले. त्यांच्या वेळी आकडा आणखी वर गेला, तेही लगेच फोनवरून मुंबईला कळवण्यात आलं. माझं डोकं उठलं होतं.

आई आत गेली तेव्हा मात्र आकडा हलला नाही. ती तोंडाला पदर लावून बाकावर बसली. आत्याचा चेहरा जरा खुललेला मला दिसला आणि मी भडकलेच.

तशीच जाऊन डॉक्टरांना गाठलं. नाडी खोकल्याने चढते, तापानेही चढते, ते म्हणाले. ओळखीचा त्यात काही संबंध नाही. हाकेला डोळे उघडतात का, ते बघायचं. नावाने हाक मारा.

काकांनी नाव घेऊन आयसीयू दणाणून सोडलं. काही नाही. आईला म्हटलं, आता तू. ती तयारच होईना. लग्नातल्या उखाण्यानंतर तिने नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं.

"अगं, इथे जिवावर बेतलंय आणि तू लाजतेस?" मी वैतागून म्हणाले.

शेवटी तिने नाव घेतलं, मलाही जेमतेम ऐकू येईल इतकं हळू. वडिलांचे डोळे मिटलेलेच.

"त्यांना वाटलं असंल, दुसरंच कोण बोलतंय," ती म्हणाली. मग वाकली आणि रोजच्या करवादलेल्या आवाजात बोलली, "अवो, उठा. गुरं सोडायची हायत."

उजवी पापणी उघडली. डोळा तिच्याकडे वळला आणि तिथेच थांबला.

डॉक्टर म्हणाले, चांगलं आहे, पण एवढ्यावरून पुढचं काही सांगता येणार नाही. आत्याने दारातूनच विचारलं, आकडा किती झाला? कोणी बघितलाच नव्हता. आई तर मागे वळलीसुद्धा नाही. ती अजून गुरांचंच बोलत होती.