बोट विकली ती बाबांसाठी

आम्ही बोट हौसेनं घेतली असं लोकांना वाटायचं. हौस कसली! आयर्लंडमध्ये, ॲथलोन गावात भाड्यानं घर मिळेना. मी मेडिकल डिव्हाइसच्या प्लँटमध्ये क्वालिटीत, नवरा टेलिकॉममध्ये, दोघांच्याही नोकऱ्या पक्क्या, आणि घर बघायला जावं तर दारात ही लांब रांग. शेवटी शॅनन नदीकाठच्या एका मरीनात, म्हणजे बोटींच्या तळावर, जुन्या दगडी धक्क्याला बांधलेली एक नॅरोबोट विकायची आहे असं कळलं. नवरा म्हणाला, बघून तर येऊ. बघायला गेलो आणि बोलणी करूनच परत आलो.

नॅरोबोट म्हणजे पाण्यावरचा बोळ. दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंतींना टेकतात. पुढे कोळशाची शेगडी आणि बसायची जागा, मग ओटा, मग न्हाणीघर, आणि पार मागे झोपायची खोली. एकाला मागून पुढे यायचं असेल तर दुसऱ्यानं पोट आत घ्यायचं. पाण्याची टाकी आठवड्याला नळीनं भरायची. खिडक्यांना आतून पाणी सुटतं, ते रोज सकाळी फडक्यानं टिपायचं. आणि संडासाखाली एक पेटी असते, ती भरली की चाकांवरून ओढत मरीनाच्या टोकाला नेऊन रिकामी करायची. आमची भांडणं व्हायची ती या पेटीवरून, आज पाळी कोणाची म्हणून. बाकी आम्ही मजेत होतो. मला तर ती बोट फार आवडायची.

बाबा सांगलीला एकटे. आई गेल्यापासून एकटेच. आमचं घर नदीपासून दोन गल्ल्या आत आहे, म्हणजे तसं सुरक्षित, असं सगळे म्हणायचे. मग एका पावसाळ्यात कृष्णा त्या दोन गल्ल्या ओलांडून आत आली. आईचं शिलाई मशीन, गाद्या, बाबांची पुस्तकं, सगळ्याचा चिखल झाला. तेव्हापासून पाऊस लागला की बाबांची झोप जायची. पहाटे उठून पुलाच्या खांबावरची पातळी बघायला जायचे. मी फोनवर तब्येत विचारली की ते पातळी सांगायचे. मला एवढंच हवं होतं की पावसाळ्यात त्यांनी त्या घरात एकटं राहू नये. व्हिसा तीन महिन्यांचा मिळतो. तेवढे तीन महिने दर वर्षी माझ्याकडे यावं.

ते सहजासहजी कबूल होतील तर ते बाबा कसले! नदीला भिऊन नदीत राहायला येऊ काय, म्हणाले. मी हट्टच धरला, तेव्हा आले.

आणि आल्या पायरीपासून त्यांनी नावं ठेवायला सुरुवात केली. हे घर नाही, एसटीची मधली वाट आहे. देव फ्रिजवर कोण ठेवतं? हंस एवढे कशाला ओरडतात, त्यांना काही कामधंदा नाही का? इथला पाऊस तर पाऊसच नव्हे, नुसती पिरपिर, धड पडतही नाही आणि थांबतही नाही. रोज सकाळी ते कालचं शिळं पाणी ओतून भांडी ताज्या पाण्यानं भरायचे, आणि आठवडा संपायच्या आत आमची टाकी खडखडीत. मी चिडले की म्हणायचे, पाण्यात राहून पाण्याची चिंगूसगिरी करणारी माणसं पहिल्यांदाच बघतोय.

पेटीचं तर विचारूच नका. जावई ती ओढत निघालाय हे पाहून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जावयानं हे काम करायचं आणि सासऱ्यानं शेगडीपाशी बसून बघायचं? दुसऱ्या दिवशी आम्ही कामावरून आलो तर पेटी रिकामी, स्वच्छ धुतलेली. कानटोपी घालून, वाटेत भेटेल त्याला नमस्कार करत, बाबा ती स्वतः घेऊन गेले होते. मग ते कामच त्यांनी घेतलं. वर सांगलीला काकांना फोन करून सांगायचे की पोरीनं मला इथं काय काम लावलंय बघ.

पण कळस केला तो दोऱ्यांनी. बोट धक्क्याला बांधताना दोऱ्या थोड्या ढिल्या ठेवाव्या लागतात, नदी वरखाली होते म्हणून. त्यामुळे बोट जराशी हलते, अधूनमधून धक्क्याला टेकते. बाबांना ते बघवेना. काम अर्धवट सोडल्यासारखं वाटलं त्यांना. एका दुपारी त्यांनी सगळ्या दोऱ्या कचकचून आवळल्या आणि आम्हाला अभिमानानं सांगितलं, बघा, आता हलतेय का. रात्रभर वरच्या अंगाला पाऊस झाला आणि नदी चढली. सकाळी जाग आली तीच भांडी कोसळल्याच्या आवाजानं. पाणी बोटीला वर उचलतंय, दोऱ्या तिला एका बाजूनं खाली ओढतायत, आणि आम्ही सगळे धक्क्याच्या बाजूला कललेलो. शेजारच्या बोटीत एक निवृत्त आयरिश नर्स राहायची. ती गाऊनवरच धावत आली आणि तिनं एकेक दोरी सैल केली. बोट धप्पकन सरळ झाली. तिनं बाबांना शांतपणे दाखवलं, दोरीला एवढी ढील द्यायची, मग नदी कितीही येऊ दे, सगळं ग्रँड, म्हणजे इथल्या भाषेत ठीकठाक.

बाबा दिवसभर त्या दोऱ्यांपाशीच बसून होते. मला वाटलं, घाबरले. पुराचं सगळं पुन्हा डोळ्यांपुढे आलं असणार. त्या दिवसापासून ते रोज उठल्या उठल्या बाहेर जाऊन पाणी बघायचे, दोऱ्या बघायचे आणि आत येऊन कुरकुर करायचे. आज पुन्हा चढली. आज पुन्हा ढील द्यावी लागली. तुमच्या या नदीला काही ताळतंत्र आहे का? तिकडचा पावसाळा म्हणजे इथला उन्हाळा, आणि त्या वर्षी तो सगळा पावसात गेला, त्यामुळे हे रोजचंच झालं. ऐकून ऐकून माझं डोकं उठायचं. सांगलीतून ज्या त्रासातून मी त्यांना काढलं, त्याच त्रासात इथं आणून बसवलं, असं वाटून मला रडू यायचं.

परत जाताना विमानतळावर मी विचारलं, पुढच्या वर्षी याल ना? म्हणाले, बघू. हे "बघू" मी घरी येईपर्यंत चघळलं. ते पुन्हा बोटीत येणार नाहीत याची मला खात्रीच पटली. नवरा म्हणाला, मला तर ते खूश दिसले. मी त्याच्यावर खेकसले, तुला माझे बाबा जास्त कळतात का मला?

आम्ही बोट विकली. नदीपासून लांब, टेकाडावरच्या एका वसाहतीत घर घेतलं. कर्ज काढलं, सगळं केलं. बोट नवीन माणसांच्या ताब्यात दिली त्या दिवशी मला वाईट वाटलं, पण बाबांसाठी करतेय म्हटल्यावर मन घट्ट केलं.

पुढच्या पावसाळ्यात बाबा आले. त्यांना स्वतंत्र खोली, कोरडी भिंत, बटण दाबलं की साफ होणारा संडास. मी घरभर फिरवून दाखवलं. ते म्हणाले, छान आहे. स्वयंपाक छान. बाग छान. देवासाठी जागाही छान. एका शब्दानं नाव ठेवलं नाही, आणि मी मूर्ख, मनातून हरखले. एकदाचे बाबा सुखात आहेत, असं मैत्रिणींना सांगितलंसुद्धा. ते दिवसभर खिडकीत बसून समोरच्या गाड्या बघायचे. जेवताना मागून काही घ्यायचे नाहीत.

एका रविवारी त्यांनीच मरीनात चल म्हटलं. गेलो. आमची जागा रिकामी होती, नव्या मालकांनी बोट दुसरीकडे नेली होती. बाबा धक्क्यावर उभे राहून खाली पाणी बघत राहिले.

"विकलीस कशाला?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "तुमच्यासाठी. तुम्हाला पाण्याची भीती वाटते म्हणून."

"भीती तिकडं वाटती गं. तिकडं पाणी वाढलं की घरात येतं. इथं पाणी वाढलं की घर वर जायचं. इतक्या वर्षांत पावसात मला झोप लागली ती त्या बोटीत."

माझा संताप संताप झाला. कोणावर, ते कळेना. "मग बोलायचं होतंत की बाबा!"

"बोलत तर होतो की रोज," ते म्हणाले.

खरंच होतं ते. आमच्या घरात कौतुक पाहुणे करतात. घरचा माणूस आमटीत मीठ कमी आहे म्हणतो आणि वाटी पुन्हा पुढे करतो. हे मी जन्मभर बघितलेलं, मी स्वतः असंच बोलते, आणि तरी मला ते ऐकू आलं नाही. पण त्यांनीही एकदा, एकदाच, सरळ सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? यावर मी अजून मनातल्या मनात त्यांच्याशी भांडते. दर वेळी हरते.

बोट परत मिळते का हे आम्ही विचारलं. नव्या माणसांनी नाही म्हटलं, त्यांचं त्यात छान चाललं होतं. दुसरी शोधावी तर डोक्यावर या घराचं कर्ज. बाबा तीन महिने पुरे न करता परत गेले. जाताना मला जवळ घेऊन म्हणाले, मनाला लावून घेऊ नकोस.

या वर्षी मी मे महिन्यातच फोन केला. तिकीट काढते म्हटलं. "राहू दे," म्हणाले. "घर काय, इथंही आहे."

मी भांडले, रडले, नवऱ्याकडून म्हणवून बघितलं. काही उपयोग झाला नाही. आता तिकडे पाऊस लागलाय, आणि माझे बाबा त्या घरात एकटे जागे आहेत.