टाइप-वनचं सुगड

"या टाइपच्या बायका इतक्या आत कशाला आल्या?"

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर. बाईसाहेबांनी हे मला विचारलं नाही. माझ्याकडं बघून आपल्या स्वयंपाकिणीला विचारलं. मी त्यांच्या दिवाणखान्यात उभी. एका हातात सुगड, दुसऱ्या हातात माझी लहान मुलगी.

टाइप. तेव्हा मला येणारा हा एकच इंग्रजी शब्द. भोपाळच्या आमच्या टाउनशिपमध्ये तो सगळ्यांनाच यायचा. नवरा कारखान्यात खलाशी, म्हणजे हाताखालचा मदतनीस, म्हणून आम्हाला टाइप-वन क्वार्टर. एक खोली, स्वयंपाकघर, मागं नळ. क्लार्कला टाइप-टू. असं चढत चढत टाइप-फाइव्ह म्हणजे बंगला, बाग आणि कुत्रा. दवाखान्यात, रेशनच्या दुकानात आधी हेच विचारायचे, "कौन से टाइप में हो?" सांगितलं की समोरच्याला कळायचं, खुर्ची द्यायची की उभं ठेवायचं.

मला त्याचं काही वाटायचं नाही. मी वर्ध्याकडच्या खेड्यातली, चौथी शिकलेली. गावात आमची वस्ती वेशीबाहेर. इथं पक्की भिंत, वीज, घरचा नळ. आणि भिंतीला भिंत लागून कुणब्याची सुशीला. गावात हे जन्मात झालं नसतं. मला वाटलं, इथं जात नाही, टाइप आहे. आणि टाइप काय, नवऱ्याला बढती मिळाली की बदलतो.

आम्ही बौद्ध. घरात हळदीकुंकू नाही. माझ्या आईनं देव आणि सुगडं एकाच दिवशी नदीत सोडली होती. पण परमुलखात एक सुशीला सोडली तर मराठी बोलायला माणूस नाही, जीव कोंडायचा. मराठी मंडळाचं बोलावणं आलं, "टाउनशिपमधल्या समस्त भगिनींना." समस्त म्हणजे सगळ्या, एवढं मला कळत होतं. बाकीचं सुशीलानं शिकवलं. मातीच्या सुगडात ऊस, बोरं, गाजर, हरभरा, तीळ घालायचे. वर हळदीकुंकवाची बोटं ओढायची. दुसरीला आपलं द्यायचं, तिचं आपण घ्यायचं.

नवरा म्हणाला, "तुझ्या आईला कळलं तर?"

"देवाकडं नाही चालले," मी म्हटलं. "बायकांत चालले."

मग करोंदच्या बाजारातून बोरं त्यानंच आणून दिली.

बंगल्यात सुशीला माझ्या पुढं होती. बाईसाहेबांनी तिला कुंकू लावलं. "काय गं सुशीला, पोरं बरी आहेत ना?" म्हणत सुगड बदललं. मग माझी पाळी.

"तुमचं आडनाव काय?"

मी सांगितलं.

हात थांबला. कुंकवाचं बोट माझ्या कपाळापासून वीतभर लांब. हिरव्या बांगड्या, लाल बोट. तो हात मला अजून दिसतो. भाजी चिरताना दिसतो, आरशात दिसतो. मग तो खाली गेला, रुमालाला पुसला गेला, आणि बाईसाहेबांनी स्वयंपाकिणीला ते विचारलं. या टाइपच्या बायका.

सुशीलाही टाइप-वनचीच होती. तिची खोली आणि माझी खोली एकाच मापाची. तेव्हा कळलं, या शब्दाला अजून एक अर्थ आहे. तो क्वार्टरच्या भिंतीवर रंगवलेला नसतो.

स्वयंपाकिणीनं माझ्या हातातलं सुगड घेतलं. "ताई, मागच्या अंगणात बसा. तिळगूळ तिथंच आणते." मी दिलं. मी गेले. बसले. लाडू वरून ओंजळीत पडला.

निघताना मुलगी म्हणाली, "आई, आपली बोरं सांडली बघ."

मागच्या नळापाशी राखेचा ढीग होता. त्यावर माझं सुगड पालथं पडलं होतं, कड उडालेली. पोरगी बोरं वेचायला बसली. एकेक बोर फ्रॉकला पुसायची आणि खिशात टाकायची. तिला वाटत होतं, आपल्या हातून सांडली.

मी ते सुगड उचललं. राख झटकली नाही. बंगल्याला वळसा घालून पुढच्या दारानं आत गेले, पायात चपला तशाच. गालिच्याच्या मधोमध सुगड ठेवलं. 

मी म्हटलं, "हे माझं वाण. नको असेल तर परत द्यायचं. फेकायचं नाही."

"अगं, तुझा गैरसमज होतोय," बाईसाहेब म्हणाल्या.

"अहो म्हणा," मी म्हटलं.

सुगड घेतलं आणि पुढच्याच दारानं बाहेर पडले. सुशीला मान खाली घालून बसलेली. ती उठली नाही.

थोड्याच दिवसांत नवऱ्याला भट्टीवर टाकलं. कारण कुणी सांगितलं नाही. मी विचारलं, "माझ्यापायी?"

तो म्हणाला, "भट्टीवर कुणीतरी लागतंच ना."

पुढं कधी विषय काढला नाही. घरी यायचा तेव्हा चेहरा भाजल्यासारखा लाल. पेन्शन खायच्या आत गेला, खोकत खोकत. कुकरची शिटी होऊन घर शांत झालं की तो खोकला मला ऐकू येतो. मी चूक केली असं मला वाटत नाही. पण खोकला ऐकू येतो.

तो शब्दही काही सुटला नाही. मुलगी मोठी झाली, टाइपच्या क्लासला जायला लागली. घरी येऊन ताटाच्या कडेवर बोटं आपटायची. तिच्याकडून मी डिक्शनरी वाचून घेतली. प्रकार, नमुना, ठसा, छापखान्यातला खिळा. बरेच अर्थ होते. थांबलेल्या हाताचा त्यात नव्हता. म्हातारपणी डॉक्टर म्हणाला, "अम्मा, शुगर है. टाइप-टू." म्हटलं, चला, मरायच्या आधी बढती मिळाली. नात तर तो शब्द मिठासारखा टाकते. "नानी, भूख टाइप लग रही है." "वो पागल टाइप का है." तिच्या तोंडून ऐकताना मी दर वेळी दचकते. का दचकते, ते तिला माहीत नाही.

आता मी मुलीकडं राहते, भोपाळमध्येच, मिसरोदला, फ्लॅटमध्ये. मुलगी ऑफिसर होऊन रिटायर झाली. सोसायटीतल्या बायकांत बसायला पाहिजे म्हणून हळदीकुंकू करते. मी हसले नाही. मीही तशीच गेले होते.

यंदा संक्रांतीला लाडू ताटात लावता लावता ती म्हणाली, "आई, तू किचनमध्येच थांब. बाबा नाहीत ना, उगाच कुणीतरी काही बोलेल. आणि गुड्डीला बाहेर पाठवू नकोस. ती जरा त्या टाइपची दिसते."

गुड्डी आमच्याकडं धुणंभांडी करते.

"कुठल्या?" मी विचारलं.

मुलगी लाडू लावत राहिली.

बायका जमल्या तशी मी माझी पेटी उघडली. कड उडालेलं ते सुगड कापडात बांधून ठेवलंय. त्यात बोरं भरली. गुड्डीचा ओला हात धरला.

"अम्मा, दीदी गुस्सा होंगी."

"होने दे."

तिला सोफ्यावर बसवलं, शेजारी मी बसले. सुगड टेबलावर सगळ्यांपुढं ठेवलं. एक बाई म्हणाली, "आंटी, ये तो टूटा हुआ है."

मग मी सांगितलं. हिंदीत, सगळ्यांना समजेल असं. बंगला, आडनाव, रुमाल, राख. फ्रॉकला बोरं पुसणारी मुलगी कोण, तेही सांगितलं. मुलगी करंडा घेऊन उभी होती. मी म्हटलं, "लाव तिला."

ती गुड्डीपुढं वाकली. तिचा हात थांबला. वीतभर लांब. हिरव्या बांगड्या, लाल बोट.

शेवटी तिनं कुंकू लावलं. पण हात थांबला होता. मी बघितलं. गुड्डीनंही बघितलं.

रात्रीपर्यंत मुलगी माझ्याशी बोलली नाही. नाही तर नाही. पुढच्या संक्रांतीलाही मी सुगड काढणार, गुड्डीला बाहेर बसवणार, सगळ्यांसमोर पहिल्यापासून सांगणार. तो हात न थांबता जाईल तोवर दर वर्षी. मी मेले तर, म्हणून नातीला पेटीची किल्ली देऊन ठेवली आहे. बाईसाहेबांना मी सोडलं नव्हतं. पोटच्या पोरीलाही सोडणार नाही.